दहा मुलांचा वर्ग

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या बाजव्याच्या मराठी गणेशोत्सवात एक वक्ते पाहुणे म्हणून आले होते. विषय होता ‘परप्रांतातील मराठी माणूस’. गृहस्थ अभ्यासू होते, आवाजही खणखणीत होता. भाषण संपवताना ते म्हणाले, “एस्टोनियासारख्या चिमुकल्या देशातल्या अल्पसंख्याकांसाठी सारा युरोप धावून गेला, बेळगावच्या आणि बडोद्याच्या मराठी मुलासाठी कोण धावते? आपला प्रश्न आता युनोतच नेला पाहिजे.” टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. घरी आलो तेव्हा मात्र झोप लागेना. ज्या मंडपात टाळ्या पडल्या, त्याच मंडपात बसलेल्या निम्म्या लोकांची आणि माझी स्वतःची एक जुनी गोष्ट मला आठवत राहिली. ती पुढे सांगतोच. आधी एस्टोनियाचे पाहू, कारण वक्त्यांनी अर्धीच हकीकत सांगितली होती.

बाजव्याला एस्टोनिया वाटतो तितका परका नाही. आमच्या शेजारची कोयलीची रिफायनरी सोव्हिएत मदतीने उभी राहिली आणि १९६५ साली चालू झाली. मी १९७१ मध्ये अमळनेर तालुक्यातून इकडे नोकरीला आलो, तेव्हा जुने सहकारी रशियन इंजिनिअरांचे किस्से रंगवून सांगत. सोव्हिएत राज्याची रीत अशी, की कारखाना काढायचा आणि त्यासाठी माणसे दुरून आणून वसवायची. रशियाच्या सीमेवरचे एस्टोनियातले नार्वा हे गाव असेच. तिथे क्रेनहोल्मची प्रचंड कापडगिरणी होती. दुसऱ्या महायुद्धात गाव बेचिराख झाले, आणि नंतर जे वसले ते बहुतांशी रशियन भाषिकांचे. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ मोडला. गिरणी तिथेच, माणसे तिथेच, चाळी तिथेच. फक्त सरहद्द आणि राज्य बदलले. रात्री झोपताना बहुसंख्य असलेला कामगार सकाळी अल्पसंख्याक होऊन उठला.

वाचकहो, तुमच्यापैकी ज्यांच्या आजोबांनी १९५६ किंवा १९६० पाहिले आहे, त्यांना हे समजावून सांगायला नको. निपाणी, बिदर, डांग, उंबरगाव येथली माणसे कुठे गेली नव्हती. सरहद्दच त्यांच्यावरून गेली.

नव्या एस्टोनियाने नियम केला, की १९४० पूर्वीचे नागरिक आणि त्यांचे वंशज तेवढे आपोआप नागरिक. बाकीच्यांनी भाषेची परीक्षा देऊन यावे. देशातले सुमारे एक तृतीयांश लोक बिननागरिक ठरले. जून १९९३ मध्ये परकीयांविषयीचा कायदा मंजूर झाला आणि जन्मभर तिथे राबलेल्यांवर राहण्याचा परवाना मागण्याची पाळी आली. नार्व्यात स्वायत्ततेसाठी सार्वमत घेण्याचे घाटू लागले. रक्तपात होणार असेच सर्वांना वाटत होते. त्या वेळी राष्ट्राध्यक्ष लेनार्ट मेरी यांनी कायद्यावर सही न करता तो युरोपातील संस्थांकडे मतासाठी पाठवला. युरोपच्या सुरक्षा आणि सहकार्य परिषदेने राष्ट्रीय अल्पसंख्याकांच्या प्रश्नासाठी १९९२ मध्ये उच्चायुक्ताचे पद निर्माण केले होते, आणि हॉलंडचे माजी परराष्ट्रमंत्री माक्स व्हान देर स्टूल त्या पदावर पहिले. ते धावत गेले, दोन्हीकडच्यांशी बोलले. जुलैमध्ये कायदा सौम्य झाला. नार्व्याचे सार्वमत झाले, न्यायालयाने ते बेकायदा ठरवले, पण गोळी चालली नाही. पुढे १९९८ अखेर बिननागरिकांच्या मुलांना नागरिकत्व सोपे करणारी दुरुस्तीही झाली.

इथवर वक्त्यांचे बरोबर. पण युरोपच्या दयाबुद्धीने हे झाले असे मानणे भोळेपणाचे आहे. एस्टोनियाला युरोपीय संघात शिरायचे होते. १९९३ च्या कोपनहेगन बैठकीत संघाने उमेदवार देशांना ज्या अटी घातल्या, त्यांत अल्पसंख्याकांचा आदर आणि संरक्षण ही एक होती. दार बंद होते आणि किल्ली आत होती, म्हणून बाहेरचा नम्र होता.

स्लोव्हाकियाचे उदाहरण तर आपल्या घरातले वाटावे असे आहे. तिथे हंगेरियन भाषिक मोठ्या संख्येने आहेत. मेचियार यांच्या सरकारने १९९५ मध्ये राजभाषेचा कडक कायदा केला आणि १९९७ मध्ये हंगेरियन शाळांतली द्वैभाषिक प्रगतिपुस्तके बंद केली. प्रगतिपुस्तकाच्या एका पानावरून केवढे रण! (सीमाभागातल्या वाचकाला यात हसण्यासारखे काही वाटणार नाही.) त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लक्झेंबर्गच्या बैठकीत स्लोव्हाकियाला पहिल्या तुकडीतून वगळले गेले. पुढल्या वर्षी निवडणुकीनंतर मेचियार सत्तेबाहेर गेले, हंगेरियनांचा पक्ष सरकारात आला, द्वैभाषिक प्रगतिपुस्तके परतली आणि १९९९ मध्ये अल्पसंख्य भाषांच्या वापराचा कायदा झाला.

आणि मग दार उघडले. १ मे २००४ रोजी हे देश संघात गेले. (तारीख पाहा, महाराष्ट्र आणि गुजरात जन्मले तीच.) एस्टोनिया आणि लाटव्हियातली निरीक्षक मंडळे तर २००१ च्या अखेरीलाच गाशा गुंडाळून गेली होती. पुढे काय झाले? स्लोव्हाकियाने २००९ मध्ये राजभाषेच्या कायद्यात दंड घातले. सरकार बदलले म्हणून ते नंतर सैल झाले. लाटव्हियाने २०१८ पासून रशियन माध्यमाचे शिक्षण आवळत नेले आणि २०२२ मध्ये ते पुरते बंद करण्याचे ठरवले. एस्टोनियाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सर्व शाळा एस्टोनियन माध्यमाच्या करण्याचा कायदा केला. रशियाने युक्रेनवर चालवलेल्या युद्धानंतर त्या छोट्या देशांच्या मनात काय भीती असेल ते मी जाणतो, आणि ती खोटी म्हणणार नाही. पण मुद्दा असा, की ज्या शाळांसाठी युरोप धावला होता, त्या बंद होताना युरोप धावला नाही. लाटव्हियाचा खटला युरोपच्या मानवाधिकार न्यायालयात गेला, आणि २०२३ मध्ये न्यायालयाने लाटव्हियाच्या बाजूने निकाल दिला.

हे पहिल्यांदाच घडले असेही नाही. १९१९ मध्ये पोलंडला स्वातंत्र्य मान्य करताना दोस्त राष्ट्रांनी अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचा करार त्याच्या गळ्यात बांधला. १९३४ मध्ये पोलंडने राष्ट्रसंघात सांगून टाकले, की हा नियम सगळ्यांना लावा, नाहीतर आम्हीही पाळणार नाही. पोलंडच्या अल्पसंख्याकांचे त्यात नुकसानच झाले. पण प्रश्न बिनतोड होता. आजही फ्रान्सने राष्ट्रीय अल्पसंख्याकांच्या १९९५ च्या युरोपीय करारावर सही केलेली नाही. दाराबाहेरच्याला अट, घरातल्याला सूट.

आता आपल्याकडे या. हिंदुस्थान कोणत्या दाराशी उभा आहे? कोणत्याच नाही. नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारनाम्यात आपण १९७९ मध्ये सामील झालो. त्याच्या सत्ताविसाव्या कलमात अल्पसंख्याकांना आपली भाषा वापरण्याचा हक्क आहे. पण ते कलम दाखवून बाजव्याच्या शाळेत एक मास्तर मिळेल असे ज्याला वाटते, त्याने एकदा कोणत्याही शिक्षण कचेरीच्या बाकावर अर्धा दिवस बसून पाहावे.

युनोची गोष्ट काढणाऱ्यांना मी आणखी एक विचारतो. बाहेरून येणारा कोण असेल? व्हान देर स्टूल यांच्या पदाचे एक मर्म होते, ते टाळ्यांच्या भाषणात येत नाही. ते अल्पसंख्याकांचे वकील नव्हते. अल्पसंख्याकांच्या प्रश्नातून कलह पेटू नये यासाठी नेमलेले त्रयस्थ होते. म्हणून एस्टोनियन मंत्रीही त्यांचे ऐकून घेत. त्रयस्थाऐवजी भाऊबंद राज्य पुढे आले, की काय होते ते क्रिमियात २०१४ मध्ये दिसले. रशियन भाषिकांच्या रक्षणाच्या नावाखाली प्रांत गिळला गेला, आणि तेव्हापासून इतर देशांतला प्रत्येक रशियन भाषिक संशयाचा धनी झाला. इतके लांब नको, नेपाळ पाहा. सप्टेंबर २०१५ मध्ये तिथली नवी राज्यघटना आली. मधेशींच्या तक्रारी खऱ्या होत्या. पण सीमेवर मालवाहतूक अडली, दिल्लीची नाराजी उघड झाली, आणि काठमांडूत मधेशी म्हणजे भारताचे हस्तक असे बोलले जाऊ लागले. त्यांच्या न्याय्य मागणीवर परका शिक्का बसला.

बेळगावचा मराठी माणूस हा शिक्का कितीतरी वर्षे वागवतो आहे. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, महाराष्ट्राचा सर्वोच्च न्यायालयातला दावा २००४ चा, आणि निकाल अजून यायचा आहे. तो लागेल तेव्हा लागेल. तोवर एखाद्या भागात पंधरा टक्क्यांहून अधिक लोक दुसऱ्या भाषेचे असतील तर महत्त्वाच्या सूचना त्या भाषेतही द्याव्यात, ही साधी मागणीसुद्धा ‘सीमावाद’ या एका शब्दाखाली चिरडली जाते. उतारा मागणे आणि जमीन मागणे यांत फरक आहे. पण उतारा मागणाऱ्याच्या मागे मुंबईचा मंत्री भाषण करीत उभा असला, की समोरच्या कारकुनाला तो फरक दिसत नाही. मंत्र्यांना बेळगाव दिसते तरी. बडोदा आणि डांग निवडणुकीच्या हंगामातही त्यांना दिसत नाहीत. माझ्या मते हे आमचे सुदैव आहे.

असो. बाजव्याची गोष्ट सांगायची राहिली.

बडोद्यातले मराठी दोन प्रकारचे. एक गायकवाडीपासूनचे, त्यांच्या शहरात १९०९, १९२१ आणि १९३४ ला साहित्यसंमेलने भरली, आणि २०१८ ला पुन्हा भरले. दुसरे आम्ही, कारखान्यांसाठी आलेले, बहुतेक खानदेशी. जुने आम्हाला ‘कारखानावाले’ म्हणत. एस्टोनियाने जो भेद कायद्याने केला, तो बडोद्यात हळदीकुंकवाच्या आमंत्रणांत होता. माझ्या आईची भाषा तर अहिराणी. अमळनेरच्या शाळेत अहिराणी बोललो म्हणून मी छड्या खाल्ल्या आहेत, आणि त्या मारणारे मास्तर शुद्ध मराठीचे निष्ठावंत होते. तेव्हा बहुसंख्य असण्याचे आमचे शिक्षणही झालेलेच होते.

१९८४ मध्ये माझा मुलगा पहिलीत जायचा होता. कोणीतरी सांगितले, की वर्गात दहा किंवा शाळेत चाळीस मुले एका भाषेची असली, तर त्या भाषेत शिकवणारा शिक्षक द्यावा असा नियम आहे. नियम खरा आहे. ऑगस्ट १९४९ मध्ये प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांनी तो ठरवला. पुढे राज्यपुनर्रचना आयोगाच्या सूचनेवरून १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने घटनेत ३५०-अ आणि ३५०-ब ही कलमे आली. प्राथमिक शिक्षण मातृभाषेत देण्यासाठी राज्याने आणि स्थानिक संस्थेने प्रयत्न करावा, आणि देखरेखीला भाषिक अल्पसंख्याकांचा विशेष अधिकारी असावा. त्याचे अहवाल संसदेपुढे यावेत. म्हणजे व्हान देर स्टूल यांच्या पस्तीसहून अधिक वर्षे आधी आपण आपला त्रयस्थ घटनेत लिहून ठेवला होता! त्याच्या हाती दंड दिला नाही, आणि कलमात ‘प्रयत्न करावा’ असा शब्द टाकून पळवाट ठेवली, ही गोष्ट वेगळी. पण दहाचा आकडा मात्र आकडा होता. तो कोणालाही मोजता येत होता.

एका शाळेचे मुख्याध्यापक भले निघाले. गुजराती गृहस्थ. म्हणाले, “पाटीलभाई, दस बाळको लावो, हुं उपर लखी आपीश.” मी आणि एक सोबती संध्याकाळच्या पाळीनंतर क्वार्टरोक्वार्टर फिरलो. त्या वर्षी पहिलीत जाणारी मराठी मुले भरली चौदा. सह्या मिळाल्या सहा.

एक म्हणाला, बदली झाली तर? एक म्हणाला, मराठीत शिकून इथे काय खाणार? एकाच्या बायकोने दारातूनच सांगितले, की आम्ही इंग्लिशमध्ये घालणार आहोत, चहा घेऊन जा. दोघे मात्र शेजारच्या गुजराती कुटुंबाला वाईट वाटेल म्हणून कचरले, त्या भीतीची मला आजही कीव येते, कारण त्याच शेजाऱ्याने मला विचारले होते, “केटला थया?” सहा सह्यांचा अर्ज वर गेला. उत्तर आले नाही. मुलगा गुजराती माध्यमात शिकला, चांगला शिकला. चार वर्षांनी मुलीची वेळ आली, तेव्हा मी तिला इंग्रजी शाळेत घातले. मी कुरकुर केली तर पत्नी म्हणाली, “अहो, सह्या तुम्ही गोळा करायच्या आणि प्रयोग माझ्या पोरीवर?” मला उत्तर सुचले नाही. गणपतीच्या मंडपात टाळ्या वाजवणाऱ्यांत सह्या न देणारे आठांपैकी तिघे होते, आणि सही देऊनही मुलीच्या वेळी फिरलेला मी होतो.

म्हणून सरकारला दोष नाही असे समजू नका. नियमात खोट हीच, की दहा मुले शोधण्याचे काम बापाच्या अंगावर टाकले आहे. प्रवेशाच्या अर्जात मातृभाषा विचारली जाते. ती विचारून कागद कपाटात जातो. त्याच कचेरीने बेरीज करून ‘या शाळेत अमुक भाषेची दहा मुले आहेत, पालकांची इच्छा विचारा’ असे का करू नये? क्वार्टरोक्वार्टर फिरणाऱ्याला जो संकोच आणि जी भीती आडवी येते, ती छापील अर्जापुढे येत नाही. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला, आम्ही पेढे वाटले. त्या दर्जातून बाजव्याला पहिलीचा वर्ग मिळत नाही. बेरजेतून मिळू शकतो.

आणि आता अशी गोष्ट, जी मुंबई-पुण्याच्या वाचकाला आवडणार नाही. जे आम्ही इथे मागतो, तेच मुंबईचे गुजराती तिथे मागत होते. त्यांच्या अल्पसंख्याक शाळेने सक्तीच्या मराठीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. २००४ मध्ये ते हरले, आणि राज्याची भाषा शिकवण्याचा महाराष्ट्राचा अधिकार कायम झाला. २०२० मध्ये महाराष्ट्राने सर्व शाळांत मराठी सक्तीची केली, २०२३ मध्ये गुजरातने गुजराती. दोन्ही कायदे मला मान्य आहेत. ज्या मातीत राहतो तिची भाषा आलीच पाहिजे. माझा मुलगा गुजरातीत स्वप्ने पाहतो, त्याचे मला दुःख नाही. पण राज्याची भाषा शिकवण्याबरोबर घरची भाषा जगवण्याची सोय हवी, आणि ती महाराष्ट्राने आधी द्यावी. जत आणि अक्कलकोटकडे कन्नड शाळा आहेत. त्यांना शिक्षक, पुस्तके वेळेवर पोचतात का हे जो महाराष्ट्र पाहणार नाही, त्याने बेळगावबद्दल बोलताना आवाज जरा खाली आणावा. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा निर्णय आला आणि जूनअखेर मागे घ्यावा लागला. त्या वेळी लहान मुलाच्या मातृभाषेबद्दल जे जे महाराष्ट्रात बोलले गेले, ते सोलापूरच्या तेलुगू मुलालाही लागू पडते हे किती जणांच्या मनात आले?

पोलंडने १९३४ मध्ये जो प्रश्न विचारला तो कांगावा होता, तरी उत्तर त्यालाच द्यावे लागते. नियम सगळ्यांना लावा. दहा मुले मुलुंडमध्ये गुजरातीची, दहा बाजव्यात मराठीची, दहा बेळगावात, दहा जतमध्ये. मोजणारा तोच, दिल्लीच्या भाषिक अल्पसंख्याक कार्यालयाचा; आणि एखाद्या राज्याने वर्ग नाकारला तर राष्ट्रपतींनी ३५०-अ खाली निर्देश द्यावेत. तशी सोय त्या कलमात आहे. युनोपर्यंत जायचे असेल त्याने खुशाल जावे. वाटेत दिल्ली लागते.

अमळनेरला जाताना सुरत-भुसावळ मार्गावर नवापूर येते. तिथल्या फलाटावरूनच सरहद्द जाते; अर्धे स्टेशन गुजरातेत, अर्धे महाराष्ट्रात, आणि घोषणा मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी अशा चारही भाषांत होतात. रेल्वेला त्यासाठी कोणी परदेशी आयुक्त लागला नाही. उतारूंना कळले पाहिजे, एवढेच तिने पाहिले.

यंदा उन्हाळ्यात मी पुन्हा वही घेऊन फिरलो. पायांत तेवढे बळ नाही, म्हणून नातू बरोबर होता. दारावरची नावे तो गुजरातीत वाचायचा आणि मी मराठीत लिहायचो. पहिलीत जाणारी मराठी घरची मुले अकरा निघाली. आठवड्यातून निदान चार तास मराठी शिकवावी, इतकीच मागणी लिहिली आहे, माध्यमाची नाही. नऊ सह्या आहेत. एक गृहस्थ दिवाळीला गावाहून परत येतील तेव्हा सांगतो म्हणाले आहेत. नवापूर, बेळगाव, बिदर, उंबरगाव येथल्या ज्या वाचकांनी असा अर्ज कधी केला असेल, त्यांनी तो कोणाच्या नावे केला आणि काय उत्तर आले, ते संपादकांच्या पत्त्यावर जरूर कळवावे. अर्ज पुढल्या महिन्यात द्यायचा आहे.